गावावरचे निशाण आणि गावातली माणसे

कर्जतहून किंवा खोपोलीहून मुंबईकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये मान खाली घालून मोबाइलवर खेळत बसलेला तरुण दिसला, की जुन्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. अभ्यासवर्गाला मुले येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, आणि या साऱ्याचे खापर खेळावर फोडून बैठक संपते. ही आठी अगदीच निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. पैसे लावून खेळण्याच्या खेळांनी गरीब घरांतील कमाईला अशी गळती लावली, की २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. परंतु जुगाराच्या अड्ड्यावरही डाव मांडला जातो आणि बुद्धिबळाचाही डावच मांडला जातो, म्हणून दोहोंना एकाच तराजूत घालणे शहाणपणाचे नव्हे. तरुण काय खेळतो, त्या खेळाचे नियम काय आहेत आणि ते नियम त्याच्या मनाला कोणते वळण लावतात, हे पाहिल्याखेरीज त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

संगणकावरील खेळांमध्ये एक जात अशी आहे, की जिच्यात बोटांच्या चपळाईला काडीचे महत्त्व नाही. खेळाडूची पाळी आली की त्याने हवा तेवढा वेळ विचार करावा, आपले मोहरे हलवावेत, आणि मग प्रतिपक्षाच्या हाती पाळी द्यावी. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा या जातीचा एक ठळक नमुना. डेव्हिड व्हाइट याने २००३ साली त्याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. वेस्नॉथ हे एक कल्पित राज्य. तेथे माणसे आहेत, अरण्यात राहणारे एल्फ आहेत, डोंगर पोखरणारे बुटके आहेत, क्रूर ऑर्क आहेत आणि स्मशानातून उठलेले हाडांचे सापळेही आहेत. वेताळपंचविशीवर वाढलेल्या मराठी वाचकाला यात बिचकण्यासारखे काही नाही. या अद्भुताच्या पांघरुणाखाली युद्धशास्त्राचा आणि अर्थव्यवहाराचा एक रोखठोक हिशेब दडलेला आहे, आणि विचार करायचा तो त्या हिशेबाचा. त्यातील काही भाग आवर्जून शिकण्याजोगा आहे. एक भाग मात्र तितक्याच आग्रहाने नाकारण्याजोगा आहे. दोहोंची परीक्षा घ्यायची तर त्यासाठी कल्पित राज्यात जाण्याचीही गरज नाही. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके त्यासाठी पुरेसे आहेत.

बुद्धिबळाहून वेगळेपण

बुद्धिबळाच्या पटावर काळे घर आणि पांढरे घर यांत रंगापलीकडे भेद नसतो. घोडा कोठेही उभा असला तरी त्याची चाल अडीच घरांचीच. वेस्नॉथचा पट षट्कोनी घरांचा आहे आणि त्यातले प्रत्येक घर म्हणजे जमिनीचा एक तुकडा आहे: माळ, रान, टेकडी, डोंगर, उथळ पाणी, दलदल, गाव किंवा किल्ला. बुद्धिबळात एका पाळीत एकच मोहरा हलतो. येथे आपले सारे सैनिक हलवता येतात. बुद्धिबळात मोहरा मारला म्हणजे मेलाच. येथे घाव लागेल की हुकेल हे सोंगट्यांच्या फाशांप्रमाणे दैवावर अवलंबून असते. मात्र हे दैव आंधळे नाही. फासे कोणत्या बाजूला झुकावेत हे पुष्कळ अंशी खेळाडूने आधीच ठरवलेले असते, आणि नवख्या खेळाडूला नेमके हेच उमगत नाही.

नियम असा आहे, की घाव लागण्याची शक्यता मारणाऱ्याच्या कौशल्यावर ठरत नाही. ज्याच्यावर घाव पडतो तो कोणत्या जमिनीवर उभा आहे, यावर ती ठरते. जादूगारासारखे मोजके अपवाद सोडले, तर हा नियम सर्वांना लागू आहे. साधा पायदळाचा माणूस मोकळ्या माळावर उभा असेल तर शत्रूचे शंभरांतले साठ घाव त्याला लागतात. तोच माणूस डोंगरावर किंवा किल्ल्यात उभा राहिला की चाळीसच लागतात, आणि उथळ पाण्यात उतरला की ऐंशी लागतात. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण हिशेब करून पाहावा. शत्रूने चार घाव घातले, तर माळावरील सैनिकावरचे चारही घाव हुकण्याची शक्यता शेकडा अडीचच्या आसपास राहते. डोंगरावर ती शेकडा तेराच्या घरात जाते. अशा दहा-वीस चकमकी एका डावात होतात. ज्याने प्रत्येक वेळी जमीन पाहून पाय ठेवला आणि ज्याने पाहिला नाही, त्या दोघांच्या फळाला शेवटी दैव हे एकच नाव देणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

तेव्हा पहिला धडा हा, की शत्रू कोठे आहे याच्या आधी आपण कोठे उभे राहणार आहोत ते पाहावे, आणि शक्य असेल तर शत्रूला माळावर किंवा पाण्यात उभे राहणे भाग पाडावे. दुसरा धडा चालीचा. प्रत्येक जमिनीला चालण्याची वेगळी किंमत असते. माळावर दौडणाऱ्या घोडेस्वाराला रानातले एक घर ओलांडण्यास माळावरच्या तीन घरांइतकी चाल खर्चावी लागते, आणि डोंगरावर तर त्याला चढताच येत नाही. दिमाखदार घोडदळ विकत घेऊन ते झाडीत घालणारा खेळाडू पैसे पाण्यात टाकत असतो.

तिसरा धडा वाट अडवण्याचा. शत्रूच्या सैनिकाला लागून असलेल्या घरात पाऊल पडले की त्या पाळीतली चाल तेथेच संपते. म्हणून भिंतीसारखी सलग रांग उभी करण्याची गरज नसते. दोन सैनिकांमध्ये दोन घरे मोकळी ठेवली, तरी शत्रूला एका पाळीत त्यांतून पार होता येत नाही. एखाद्याच्या समोर एक आणि नेमका पाठीमागे एक असे दोघे उभे राहिले, की मधल्याला पाळीमागे एका घरापलीकडे सरकता येत नाही. थोड्या माणसांनी मोठी वाट अडवण्याचे सारे रहस्य एवढ्यातच आहे.

उंबरखिंडीचा पट

हे तीनही धडे खालापूर तालुक्यात १६६१ सालीच गिरवले गेले होते. पुण्यात ठाण मांडून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखान या उझबेक सरदाराला कोकणात पाठवले. बरोबर रायबागन ही वऱ्हाडकडची कर्तबगार सरदारीण होती. फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या बाजूने सह्याद्री उतरू लागली, आणि खालच्या अरुंद, झाडीने भरलेल्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला गाठले. आजच्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी, या लढाईचे स्मारक उभे आहे.

या लढाईचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आले आहे. त्यातील काव्य बाजूला ठेवून केवळ पट पाहिला तरी सारे स्पष्ट होते. खानाचे बळ मैदानातले होते. ते त्याने स्वतःच्या पायांनी अशा जमिनीवर आणले, की जेथे त्याची चाल मंदावली, रांग लांबली आणि पुढच्याला मागच्याचा आधार उरला नाही. मराठे उंचावर आणि झाडीत होते. पुढची वाट अडली, मागचीही अडली. मधल्या फौजेला पाणीसुद्धा मिळेना. वेस्नॉथमध्ये एल्फांच्या काही वनरक्षकांना रानात दडून राहण्याचे सामर्थ्य दिलेले आहे. शत्रू अगदी लागून येईपर्यंत ते त्याला दिसत नाहीत. हे सामर्थ्य तेथे अद्भुत म्हणून येते. उंबरखिंडीत त्यात अद्भुत असे काहीच नव्हते. ते रानाच्या माहितीतून आले होते.

खेळातील आणखी एक सूचना येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. जवळून मारणारा आणि दुरून मारणारा असे दोन प्रकारचे सैनिक तेथे असतात. ज्याच्याजवळ केवळ तलवार आहे त्याच्यावर बाण सोडला, तर त्याला उलट वार करता येत नाही. त्याचप्रमाणे घोडेस्वारावर भाला अधिक चालतो आणि हाडांच्या सापळ्यावर भाल्यापेक्षा गदा. कोणाशी कोणी भिडावे हे ज्याने पाहिले त्याचे निम्मे नुकसान टळते. उंचावरून बाण आणि दगड झेलत उभ्या असलेल्या फौजेला तलवारीचा काय उपयोग?

वेळ आणि माणसे

वेस्नॉथमध्ये काळही एक मोहरा आहे. सहा पाळ्यांचा एक दिवस होतो: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर. माणसांच्या राज्यातले शिस्तीचे सैनिक दिवसा पंचवीस टक्के अधिक जोराने मारतात आणि रात्री तितकेच कमी. ऑर्क आणि सापळे यांचे याच्या उलट. एल्फ आणि त्यांच्यासारखे इतर काही यांना दिवसरात्र सारखीच. दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या तरी दुपारची लढाई आणि मध्यरात्रीची लढाई या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. जाणता खेळाडू तिन्हीसांज होताच आपली माणसे मागे घेतो, गावांत आणि टेकड्यांवर बसवतो, रात्र निभावून नेतो आणि पहाटे पुढे सरकतो. नवखा मात्र दुपारच्या यशाने फुगून सायंकाळी पुढे धावतो आणि अंधारात सापडतो. मोर्चाला लोक भरपूर आले म्हणून दुसऱ्याच दिवशी बेमुदत संपाची हाक देणारे पुढारी चळवळीने कमी पाहिलेले नाहीत. माघार म्हणजे पराभव नव्हे, हे वाक्य अभ्यासवर्गात शंभरदा ऐकूनही जे अंगी मुरत नाही, ते या खेळात तीन डाव हरल्यावर मुरते.

माणसे जपण्याचा हिशेबही असाच बोलका आहे. लढणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या गाठी अनुभव जमतो. ज्याच्याशी तो लढला त्याच्या पायरीइतका अनुभव नुसत्या लढण्याने मिळतो. शत्रूला ठार केले तर त्या पायरीच्या आठपट. पुरेसा अनुभव जमला की सैनिक वरच्या पायरीवर चढतो आणि त्याच क्षणी त्याच्या साऱ्या जखमाही भरून येतात. एका लढाईतून जिवंत राहिलेल्या अनुभवी सैनिकाला पुढच्या लढाईत पुन्हा बोलावता येते. म्हणून जाणता खेळाडू जखमी माणसाला मागे घेतो, त्याला स्वस्थ बसू देतो, आणि शेवटचा घाव कोणी घालायचा हेही जपून ठरवतो. ज्याला पायरी चढायला थोडेच उणे आहे त्याला ती संधी देतो. अनुभवी सरदार कमी पायरीच्या सोबत्यांशेजारी उभा राहिला तर त्यांच्या घावांना जोर येतो. म्हाताऱ्या कार्यकर्त्याने व्यासपीठावर बसण्यापेक्षा नवख्याच्या शेजारी उभे राहावे, यासाठी याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

आता खर्चाची बाजू. प्रत्येक सैनिकाच्या पोसण्याचा खर्च त्याच्या पायरीइतका असतो. पायरी वाढली की खर्च वाढतो, आणि हातातल्या गावांच्या संख्येइतका खर्च माफ होतो. गावे कमी आणि मानकरी फार, अशी स्थिती झाली की तिजोरी आटते. काही सैनिक 'निष्ठावंत' म्हणून येतात. त्यांना कसलाच खर्च नसतो. या नोंदीवर जुन्या कार्यकर्त्यांना हसू येईल, आणि ते रास्तच आहे.

एवढ्यावरून हा खेळ म्हणजे केवळ करमणूक असे म्हणणे कठीण आहे. जमीन ओळखणे, वेळ ओळखणे, वाट अडवणे, मागे सरणे, नवख्याला घडवणे आणि साधनांचा हिशेब ठेवणे या सहा गोष्टी तो शिकवतो, आणि यांतली एकही गोष्ट कार्यकर्त्याला परकी नाही.

खेळातले गाव

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून निर्णय देता येणार नाही. वेस्नॉथमध्ये गाव म्हणजे काय? पटावरचे एक घर. त्यावर आपला कोणताही सैनिक जाऊन उभा राहिला की गावावर आपल्या रंगाचे निशाण चढते. दर पाळीला तेथून सोने येते. जखमी सैनिक तेथे थांबला तर पाळीमागे आठ अंशांनी बरा होतो. तो निघून गेला तरी निशाण तसेच राहते, आणि शत्रूकडचे एखादे वटवाघूळ येऊन बसले की निशाणाचा रंग बदलतो. गावात कोण राहते, त्यांना कोणाचे निशाण हवे आहे, त्यांनी सोने कोठून आणायचे, जखमीची शुश्रूषा कोणी करायची, हे प्रश्न नियमांत नाहीत. डाव जिंकण्याची पहिली सूचनाच ही, की आरंभीच्या पाळ्यांत भराभर गावे पादाक्रांत करा; ज्याची गावे जास्त त्याचे सोने जास्त.

शेतकरीही या खेळात आहे. आठ मोहरांत मिळणारा तो अगदी स्वस्त माणूस. त्याची पायरी शून्य. पायरी शून्य म्हणून पोसण्याचा खर्चही शून्य. आणि पायरी शून्य म्हणूनच तो वाट अडवू शकत नाही: भालाईत उभा असेल तर शत्रूचा पाय थांबतो, शेतकरी उभा असेल तर शत्रू त्याच्या अंगाला घासून पुढे निघून जातो. महाग सैनिकापुढे घाव झेलण्यास त्याला उभा करावा, असा सल्ला अनुभवी खेळाडू देतात, आणि खेळाच्या नियमांत तो सल्ला बरोबरच ठरतो.

येथे उंबरखिंड पुन्हा आठवावी. ती खिंड कोठे अरुंद होते, पाणी कोणत्या वळणावर आहे, कोणत्या पायवाटेने माथ्यावर चढता येते, ही माहिती राजाच्या दरबारात जन्माला येत नाही. गुरे राखणारा, लाकूडफाटा आणणारा, पावसाळ्यात ओढे ओलांडणारा माणूस ती जाणतो. ज्याच्या बाजूला ही माणसे असतात, त्यालाच जमीन साथ देते. खानाच्या पायांखाली आणि मराठ्यांच्या पायांखाली जमीन एकच होती. फरक पडला तो जमिनीच्या ओळखीने. खेळ मात्र जमिनीला गुण देतो आणि ती ओळखणाऱ्या माणसाला शून्य पायरी देतो.

उंबरखिंडीचा शेवटही खेळाच्या नियमांत बसत नाही. रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खंडणी देऊन व सामानसुमान टाकून फौजेने वाट मागितली, आणि ती मिळाली. कोंडीत सापडलेला शत्रू जिवंत जाऊ दिला गेला. वेस्नॉथच्या मूळ नियमांत शरणागतीला जागा नाही. तेथे ठार केल्यास आठपट अनुभव मिळतो. सोडून दिल्यास काहीच मिळत नाही. जे नियम मारण्याला बक्षीस देतात आणि सोडण्याला देत नाहीत, ते वास्तव युद्धाचे नियम आहेत असे समजणे हा भ्रम आहे.

कोतवालांचे गाव

दुसरे उदाहरण कर्जत तालुक्यातले आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. सह्याद्रीचे पाणी येथे पडे आणि वीज मुंबईला जाई. केवळ पटाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हे दोन्ही तालुके म्हणजे सोने देणारी दोन घरे वाटली असती, आणि सरकारला ती तशीच वाटत होती. माथेरानचे भाई कोतवाल यांनी त्याच मुलखात निराळे काम चालवले. सावकाराच्या दारी जाण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या, मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ साली ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मे झाले.

आझाद दस्त्याचे काम म्हणजे वेस्नॉथच्या भाषेत वाट अडवणे, रानात दडणे, रात्रीची वेळ साधणे. पण ते ज्या बळावर चालले, ते बळ त्या पटावर दाखवता येत नाही. धान्यकोठी आधी होती, दस्ता नंतर आला. गावाने आधी काही मिळवले होते म्हणून गावाने नंतर काही दिले. निशाण चढवून सोने उचलणे आणि गावाशी नाते जोडणे यांतला हा फरक ज्याला समजला नाही, त्याला कर्जतच्या इतिहासातले काहीच समजले नाही असे म्हणावे लागेल.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर या दोन तालुक्यांच्या नकाशावर नजर लावून बसलेले कितीतरी खेळाडू दिसतात. कोणाला येथे बंगल्यांची वसाहत दिसते, कोणाला गोदाम, कोणाला शनिवार-रविवारचे विश्रांतिस्थान. त्यांच्या नकाशावर माळ, टेकडी, नदीकाठ आणि रस्त्यापासूनचे अंतर अचूक दाखवलेले असते. त्यावर ठाकरवाडी किंवा कातकरवाडी असते ती एका ठिपक्यापुरती. खेळाडू आपली पाळी खेळतो, निशाणाचा रंग बदलतो, आणि वाडीला ते कळते तेव्हा तिच्या वहिवाटीच्या वाटेवर कुंपण पडलेले असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती आले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना चिखलातून डोंगर चढावा लागला. खेळात डोंगरावर उभ्या असलेल्याचे शंभरांतले साठ घाव हुकतात. त्या रात्री डोंगरानेच घाव घातला, आणि ज्यांच्यावर तो पडला त्यांना दुसऱ्या घरात सरकण्याची पाळी मिळाली नाही. वेस्नॉथमध्ये डाव फसला तर जपून ठेवलेल्या मागच्या पाळीवर परत जाता येते. इर्शाळवाडीला मागची पाळी नव्हती. म्हणून जमिनीची माहिती ही नकाशात असून भागत नाही. ती तेथे राहणाऱ्यांच्या हाती, त्यांच्या निर्णयात, वेळेवर असावी लागते.

नियम कोणाचे?

तर मग हा खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावा काय? येथेच त्याची सर्वांत मोलाची गोष्ट सांगायला हवी. वेस्नॉथ कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. तो ज्या परवान्याखाली वाटला जातो, त्याने प्रत्येकाला तो विनामूल्य घेण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला पुन्हा इतरांना देण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच, की पुढच्यालाही तोच हक्क मिळाला पाहिजे. सैनिकांचे गुण, जमिनीची किंमत, गावाचे सोने हे सारे साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेले असते. नकाशा रचण्याचे साधनही खेळाबरोबरच मिळते. पैसे लावण्याच्या खेळात नियम दुकानदाराचे असतात आणि खेळाडूच्या हाती फक्त हरणे उरते. येथे नियम खेळणाऱ्यांचे आहेत. ते आवडले नाहीत तर बदलता येतात. चळवळीला ज्या सामुदायिक मालकीची स्वप्ने भाषणांतून सांगावी लागतात, तिचा हा लहानसा पण चालता-बोलता नमुना आहे, आणि तो एखाद्या जुन्या संगणकावरही दाखवता येतो.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासवर्ग भरेल तेव्हा एक दुपार या कामी द्यावी. एकाच संगणकावर पाळीपाळीने अनेकांना खेळता येते. तेव्हा चार मुलांना शेजारी बसवावे. नवख्यांसाठी 'साउथ गार्ड' ही सोपी मोहीम आहे. तीत जमीन, वेळ आणि माघार यांचे धडे मिळतील. त्यानंतर त्यांनाच उंबरखिंडीचा पट रचायला सांगावे. त्यासाठी चावणीला जाऊन खिंड पायांनी पाहावी, अंबेचे पात्र पाहावे, तेथल्या म्हाताऱ्यांना वाटा विचाराव्यात. मग नियमांचा प्रश्न निघेलच. शेतकऱ्याची पायरी शून्य का? तो वाट अडवू शकत नाही असे कोणी ठरवले? गावाने निशाण नाकारले तर काय व्हावे? शरण आलेल्याला सोडले तर त्याचे मोल किती? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी वाद घालून ठरवावीत आणि नियमांत लिहावीत. तो पट खेळायला चांगला होईल की नाही, हे खेळल्यावरच कळेल. कदाचित पहिल्या खेपेस तो फसेलही. पण तो रचताना गावात माणसे असतात हे ज्या मुलाला पटावर लिहून काढावे लागले, तो उद्या कोणी परका नकाशा घेऊन त्याच्या वाडीत आला, तर त्या नकाशावर काय लिहायचे राहिले आहे, हे विचारल्याशिवाय राहणार नाही. जुन्या कार्यकर्त्याने कपाळाची आठी सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसावे, ते यासाठी.